‘एचआयव्ही टोचून कॅन्सर बरा’: कार्ल जून यांच्या संशोधनात खरं काय घडलं

एचआयव्ही टोचून एका मुलीचा कॅन्सर बरा केला, असा मजकूर गेली कित्येक वर्षं मोबाइलवरून फिरतो आहे. ज्यांच्या घरात ब्लड कॅन्सरचा पेशंट आहे, ते तो वाचून घाबरतात आणि त्याच वेळी त्यांना आशाही वाटू लागते. त्यांच्यासाठी ही हकिगत नीट सांगायला हवी.

मुलगी खरी आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाची एमिली व्हाइटहेड. एप्रिल 2012 मध्ये फिलाडेल्फियातल्या मुलांच्या रुग्णालयात तिच्यावर हे उपचार झाले तेव्हा ती 6 वर्षांची होती. केमो देऊनही तिचा ल्युकेमिया दोनदा उलटला होता. पण तिला एचआयव्ही कुणीही टोचला नाही. तिच्या रक्तातून टी-पेशी, म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या काढल्या. त्यांच्यात प्रयोगशाळेत एक नवा जनुक घालायचा होता. टी-पेशीत शिरणं एचआयव्हीला जन्मतःच जमतं, म्हणून त्या विषाणूचे रोग निर्माण करणारे भाग काढून टाकले आणि उरलेल्या सांगाड्याचा पाकिटासारखा उपयोग केला. आत पत्र दुसरंच होतं. हे पाकीट स्वतःच्या प्रती काढू शकत नाही, त्यामुळे त्यातून एड्स होत नाही. नव्या जनुकामुळे टी-पेशीवर एक ‘रिसेप्टर’ उगवतो आणि तो बी-पेशींवरचं (या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी; एमिलीचा ल्युकेमिया त्यांचाच होता) सीडी19 नावाचं प्रथिन ओळखतो. अशा पेशी वाढवून सलाइनसारख्या पिशवीतून परत रुग्णाच्या शिरेत सोडतात. यालाच कार-टी म्हणतात.

एचआयव्हीच का, याचं उत्तर या उपचारामागचे संशोधक कार्ल जून यांच्या आयुष्यात आहे. ते अमेरिकन नौदलातले डॉक्टर. सिएटलला अस्थिमज्जा प्रत्यारोपण शिकले आणि नौदलाच्या प्रयोगशाळेत एचआयव्हीवर काम करू लागले. रुग्णाच्या टी-पेशी शरीराबाहेर कशा वाढवायच्या, हे तिथे त्यांनी ब्रूस लेव्हिन यांच्यासोबत बसवलं. चुंबकीय मण्यांना चिकटवलेल्या प्रतिपिंडांनी त्या पेशींना चेतवायचं, अशी ती पद्धत. 1999 मध्ये ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आले. 2001 मध्ये त्यांच्या पत्नी अंडाशयाच्या कर्करोगाने गेल्या. 2010 मध्ये पहिल्या तीन प्रौढ रुग्णांना या पेशी दिल्या, तेव्हा या कामाला वीसेक वर्षं होऊन गेली होती. म्हणून ‘अचानक लागलेला शोध’ हे शब्द मला खटकतात. हा शोध एकट्याचाही नाही. इस्रायलच्या झेलिग एशहार यांनी 1989 मध्येच अशा रिसेप्टरची कल्पना प्रत्यक्षात आणली होती, आणि न्यूयॉर्कच्या मिशेल सादलेन यांचा वाटाही मोठा आहे.

सगळ्यात घातक समजूत म्हणजे, ‘आपल्याच पेशी आहेत, साइड इफेक्ट कसले?’ एमिलीला पेशी दिल्यावर काही दिवसांत ताप 105 अंशांपर्यंत गेला, रक्तदाब कोसळला, व्हेंटिलेटर लावावा लागला. टी-पेशी कॅन्सरवर तुटून पडल्या की सायटोकाइन नावाची रसायनं रक्तात उसळतात. तिच्या तपासणीत त्यांपैकी आयएल-6 कित्येक पटींनी वाढलेलं निघालं. जून यांच्या मुलीला लहानपणापासून संधिवात होता, त्यामुळे आयएल-6 अडवणारं टोसिलिझुमॅब हे संधिवाताचं औषध त्यांना माहीत होतं. ते दिल्यावर काही तासांतच ताप उतरू लागला. सातव्या वाढदिवशी एमिली शुद्धीवर आली. 30 ऑगस्ट 2017 ला अमेरिकेने या उपचाराला मान्यता दिली, तेव्हा त्याच दिवशी टोसिलिझुमॅबलाही या धोक्यावरचं औषध म्हणून मान्यता मिळाली. एका बापाला मुलीच्या दुखण्यामुळे असलेली माहिती आज जगभरच्या रुग्णांच्या कामी येते आहे, हे वाचताना मला दरवेळी भरून येतं.

ही थेरपी सगळ्या कॅन्सरवर चालत नाही. सीडी19 ज्या पेशींवर असतं, त्याच पेशी या टी-पेशी मारतात. त्यात निरोगी बी-पेशीही जातात, आणि काहींना इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, देत राहावं लागतं. स्तन, फुप्फुस, स्वादुपिंड यांच्या गाठींवर अजून असं यश नाही. ब्लड कॅन्सरमध्येही काहींचा आजार सीडी19 टाकून देऊन परत येतो. पहिल्या तिघांपैकी दोघांच्या शरीरात मात्र त्या पेशी दहा वर्षांनंतरही जिवंत सापडल्या, असं 2022 मध्ये प्रसिद्ध झालं.

‘हे फक्त अमेरिकेत मिळतं’ ही माहितीही जुनी झाली. आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी मिळून घडवलेल्या नेक्सकार19 या कार-टी उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये भारतात मान्यता मिळाली. अमेरिकेत 2017 मध्ये नुसत्या औषधाची किंमत 4,75,000 डॉलर होती. इथला खर्च कित्येक लाख रुपयांच्या घरात आहे. सामान्य घराला तोही झेपत नाही, हे खरंच. आणि ही थेरपी आजार उलटलेल्या किंवा औषधांना दाद न देणाऱ्या बी-पेशींच्या ल्युकेमिया-लिम्फोमासाठी आहे. त्यामुळे रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांना आधी हे विचारा: आमच्या पेशंटचा आजार बी-पेशींचा आहे का, आणि त्यावर सीडी19 आहे का?