कॅलिपरला रंग दिल्याने ब्रेक तापतात का?

बंगळुरूजवळच्या आनेकल-चंदापूर भागातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणी कॅलिपर रंगवायला बसलं की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, "अजिबात हात लावू नकोस, रंगामुळे उष्णता आत कोंडते आणि ब्रेक फेल होतात." दुसरा म्हणतो, "बिनधास्त मार, खास हीट पेंट आहे, उलट ब्रेक थंड राहतील." दोघेही ठाम असतात आणि दोघांचंही चुकतं. माझी चिडचिड होते ती पुढच्या गोष्टीने. उष्णतेवर तासभर वाद घालणारी हीच माणसं, रंग मारताना ज्या चुकांनी ब्रेक खरोखर बिघडतात, त्यांच्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

आधी उष्णतेचं बघू. १२०० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून थांबवली की सुमारे ३ लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उतरते. एक लिटर पाण्याचं तापमान ७० अंशांनी वाढवायला तेवढी पुरते. ही उष्णता पॅड डिस्कला घासतो तिथे तयार होते. तिचा फार मोठा हिस्सा डिस्क शोषून घेते आणि फिरता फिरता हवेला देते. अनेक गाड्यांच्या पुढच्या डिस्कमध्ये दोन चकत्यांच्या मध्ये फटी असतात, त्या यासाठीच. कॅलिपरच्या वाट्याला पॅडमधून झिरपून येते ती थोडी. आता त्यावर रंगाचा थर किती? नीट मारला तर ०.१ मिलिमीटरच्या आसपास. पृष्ठभागावरून हवेत जाताना उष्णतेला मुळात जो अडथळा असतो, त्यात एवढ्या थराने जेमतेम दोन-तीन टक्क्यांची भर पडते. म्हणजे कोंडणं नाही.

थंड राहणंही नाही. कॅलिपरचं गंजलेलं बीड (कास्ट आयर्न) प्रारणाने उष्णता आधीच चांगली बाहेर टाकतं, रंगाने त्यात फारसा फरक पडत नाही. चकचकीत ॲल्युमिनियमच्या बाबतीत रंगाचा थोडा फायदा होतो खरा, पण चालत्या गाडीत बहुतेक काम वाराच करतो.

मग "आमचा रंग ६५० अंश सोसतो" ही फुशारकी येते. कॅलिपरच्या आत ब्रेक ऑइल असतं, हे इथे कोणाच्या लक्षात का येत नाही? ताज्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, डॉट ४ चा किमान २३०. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येते. शंका असेल त्याने अमेरिकेचं एफएमव्हीएसएस ११६ हे मानक उघडून पाहावं. बाटलीवरचं 'डॉट' तिथूनच आलं आहे. कॅलिपर ६५० अंशांच्या निम्म्यापर्यंत जरी पोचला, तरी त्याआधीच ऑइल उकळून वाफ झालेली असते आणि पेडल थेट तळाला जातं. ६५० अंशांचा रंग हा सायलेन्सरचा रंग आहे. त्यातले बहुतेक रंग नीट तापवल्याशिवाय पक्के होत नाहीत, आणि कच्च्या थरावर ब्रेक ऑइलचा थेंब पडला की तो सोलून निघतो. कॅलिपरसाठी बनवलेला रंग घ्या, तेवढं पुरे. ब्रेक फेल होण्याची धास्ती असेल तर ऑइल वेळेवर बदला आणि नंदी टेकडी उतरताना खालचा गिअर ठेवा.

आता ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांचा पुढचा कॅलिपर सरकता असतो. पिस्टन एकाच बाजूला. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. या पिनांवर घड्या असलेले रबरी बूट असतात. चाक काढून खाली बसा, कॅलिपर हाताने हलवून पाहा. पिनांवर थोडा सरकायला हवा. बुटाच्या घड्यांत रंग सुकला, बूट फाटला आणि पिन अडकली, की पॅड डिस्कला घासतच राहतो आणि चाक तापतं. रंगाने ब्रेक तापतात ते असे.

पॅडचे कान ब्रॅकेटच्या ज्या खाचेत सरकतात, तिथेही रंग नको. हबवर जिथे डिस्क आणि चाक टेकतं तिथे तर मुळीच नको, कारण तो थर दबून गेला की नट सैल पडतात. पिस्टनचा बूट, ब्लीडर निपल आणि ऑइलची नळी टेपने झाका. स्प्रेपेक्षा ब्रश बरा. कॅलिपर सोडवलाच तर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा, नळीवर लोंबकळत ठेवू नका. आणि नुसत्या जॅकवर काम करू नका, खाली स्टँड लावा.

"पेट्रोलने किंवा डिझेलने धुऊन घे" हा सल्लाही वाईट. कॅलिपरमधलं रबर बहुधा ईपीडीएम असतं. ते ब्रेक ऑइल सोसतं, पण पेट्रोल, डिझेल, रॉकेल लागलं की फुगतं. ब्रेक क्लीनर वापरा. सुटी धूळ तोंडाने किंवा हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

जिगणी-बोम्मसंद्रच्या औद्योगिक भागातून पावडर कोटिंग करून आणायचा विचार असेल, तर ते साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत पक्कं होतं. पिस्टन आणि सगळी रबरं काढल्याशिवाय कॅलिपर भट्टीत घालू नये, आणि ती पुन्हा बसवणं हे घरचं काम नाही.

लाल कॅलिपर म्हणजे ब्रेंबो, असंही नाही. ब्रेंबो ही ब्रेक बनवणारी कंपनी १९६१ साली इटलीत बर्गामोजवळ सुरू झाली. पण रंगाने ब्रेकची पकड वाढत नाही; ती ठरते पिस्टनचा व्यास, पॅड, डिस्क आणि टायर यांवर.

बाजारात मिळणारी प्लॅस्टिकची लाल कव्हरं रंगाला सोपा पर्याय वाटतात, पण ती सैल झाली की चाकात अडकतात. घेऊ नका.

रंगवणं बेकायदा आहे, हेही खरं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीपत्रातल्या तपशिलांबद्दल आहे आणि कॅलिपरचा रंग त्यात नसतो.

पावसानंतर डिस्कवर चढणारा तांबूस गंज दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो. त्यासाठी डिस्क रंगवू नका. पॅड जिथे टेकतो तिथे रंग म्हणजे ब्रेकच नाही.

या भागात ग्रॅनाइटची बारीक धूळ असते आणि ओल्या रंगावर ती बसतेच, म्हणून पाऊस पडून गेल्यानंतरचा कोरडा दिवस निवडा. पातळ थर द्या आणि डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण होऊ द्या. काम करताना पिस्टन मागे ढकलला असेल, तर गाडी जागची हलवण्याआधी ब्रेकचं पेडल कडक होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा, नाहीतर पहिल्या ब्रेकला ते रिकामंच खाली जाईल.