जबरी चोरीची शिक्षा आणि अपील

गावाकडची पुष्कळ मुले पोटासाठी विक्रोळीला जातात. कुणी कारखान्यात लागतो, कुणी हमाली करतो. समजा, त्यातल्या एकाला पोलिसांनी धरले. रात्री वाटेत कुणाला तरी चाकूचा धाक दाखवून पैसे हिसकावले, असा आरोप. याला जबरी चोरी म्हणतात. पाच किंवा जास्त माणसांनी मिळून केली, तर तो दरोडा. विक्रोळीच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात खटला चालला आणि शिक्षा झाली. गावाला निरोप आला. आई म्हणते, "संपलं सगळं!"

संपले नाही. वरच्या कोर्टात दाद मागता येते. त्यालाच अपील म्हणतात.

मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली, तर अपील सेशन्स कोर्टात करतात. मुदत 30 दिवसांची. सेशन्स कोर्टाने तुरुंगाची शिक्षा दिली, तर हायकोर्टात जातात. तिथे मुदत 60 दिवसांची. उशीर झाला, तर सबळ कारण दाखवावे लागते. तुरुंगाची शिक्षा होताच आरोपीला निकालाची नक्कल फुकट मिळते. ती नीट जपावी.

पुष्कळांना वाटते, वरच्या कोर्टात साक्षीदार पुन्हा येतील, आपण पुन्हा सगळे सांगू. तसे सहसा होत नाही. वरचे न्यायाधीश खालच्या कोर्टातले कागद वाचतात. म्हणून "माझा पोरगा तसा नाही हो," एवढे म्हणून भागत नाही. चूक कुठे झाली, ते कागदावर बोट ठेवून दाखवावे लागते.

कसली चूक? आरोपीला वकीलच मिळाला नाही. साक्षीदाराची उलटतपासणी करू दिली नाही. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून धरली. अशी कबुली कायद्याने पुरावा होत नाही. मात्र आरोपीने सांगितलेल्या जागी चोरीचा माल सापडला, तर सांगण्याचा तेवढा भाग पुराव्यात घेता येतो. इथे पुष्कळांची गल्लत होते.

आणखी एक. चूक सापडली की माणूस सुटलाच, असे नाही. ती चूक बाजूला ठेवूनही बाकीचा पुरावा पुरेसा असेल, तर शिक्षा कायम राहते.

सगळ्यात नाजूक पुरावा ओळखीचा. अंधारात, घाबरलेल्या माणसाने पाहिलेला चेहरा! आपल्या महाराष्ट्रातलीच गोष्ट सांगतो. 2003 साली रात्री एका वस्तीवर दरोडा पडला. पाच जणांचे जीव गेले. भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांवर नाशिकला खटला चालला. 2006 साली सहाही जणांना फाशी सुनावली. हायकोर्टाने 2007 साली तिघांची फाशी बदलून जन्मठेप केली. 2009 साली सुप्रीम कोर्टाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. झाले, वर आता कोर्ट उरले नाही.

पण त्याच कोर्टाला आपला निकाल पुन्हा तपासायची विनंती करता येते. तशी केली. तेव्हा एक बाब ठळकपणे पुढे आली. दरोड्यातून वाचलेल्या बाईने सुरुवातीलाच पोलिसांकडच्या फोटोंतून चौघांना ओळखले होते. ते चौघे या सहांपैकी नव्हते! त्यांचा तपासच झाला नव्हता. मार्च 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडले. सरकारने प्रत्येकाला 5 लाख रुपये द्यावेत, असा हुकूम केला. मधली जवळजवळ सोळा वर्षे मात्र कोण परत देणार? आम्हाला तर वाटते, हा कागद पहिल्याच कोर्टात कुणी नीट वाचला असता, तर ही वेळ आली नसती.

आता पैशांचे. वकिलाला द्यायला पैसे नाहीत, म्हणून अपील राहू देऊ नये. तुरुंगातल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्याची कमाई किती, हे विचारत नाहीत. अपिलाचा अर्ज तो तुरुंगाच्या अधीक्षकाकडेच देऊ शकतो. अधीक्षकाने तो कोर्टाकडे पाठवायचा असतो. अपील चालू असताना जामीनही मागता येतो. द्यायचा की नाही, ते कोर्ट ठरवते. गावातल्या माणसांनी तालुक्याच्या कोर्टात जाऊन विधी सेवा समिती कुठे बसते, ते विचारावे. नाहीतर 15100 या नंबरावर फोन करावा. जाताना निकालाची नक्कल बरोबर न्यावी, आणि शिक्षा कोणत्या तारखेला झाली, ते कागदावर लिहून न्यावे.