संगणक सुरू होतो, पण कार्यप्रणाली उघडत नाही

लॅपटॉपचे बटण दाबल्यावर दिवा लागतो, पंखा फिरतो, पण नेहमीचा पडदा येत नाही. अशा वेळी लिहून ठेवलेले स्वाध्याय गेले, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कार्यप्रणाली, म्हणजे विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम, बिघडणे आणि आपले लेखन नष्ट होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद लक्षात ठेवून बिघाड कसा शोधावा, ते या भागात पाहू.

१. सुरू होण्याचे टप्पे

प्रथम मदरबोर्डवरील बायोस हा मूळ प्रोग्रॅम मेमरी, डिस्क आदी भाग तपासतो. नंतर डिस्कवरील बूट लोडर शोधला जातो. बूट लोडर कार्यप्रणालीचा गाभा मेमरीत आणतो. यंत्र कोणत्या टप्प्यावर अडले, याचा अंदाज पडद्यावरून येतो.

२. टप्प्यानुसार तपासणी

(अ) पडदा पूर्ण काळा असेल, तर चार्जर व जोडलेली सर्व उपकरणे काढावीत. पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरावे व केवळ चार्जर लावून पुन्हा प्रयत्न करावा.

(आ) कंपनीचे बोधचिन्ह येऊन बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा संदेश आला, तर लावून राहिलेला पेनड्राइव्ह काढावा. तरीही संदेश आल्यास बायोस उघडावे. त्यासाठी कंपनीनुसार एफ २, एफ १० किंवा डिलीट ही कळ असते. तेथे डिस्कचे नाव दिसल्यास बूटचा क्रम तपासावा. नाव दिसत नसल्यास डिस्क सैल किंवा निकामी झालेली असू शकते. पुढील काम जाणकाराकडे सोपवावे.

(इ) विंडोजचे चिन्ह येऊन वर्तुळ फिरतच राहिले, तर बहुधा कार्यप्रणालीच्या फाइल बिघडलेल्या असतात. अपडेट चालू असताना वीज जाणे व बॅटरी जुनी असणे, हे त्याचे एक कारण होय. सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ फसला, की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा विभाग उघडते. तेथे आधी स्टार्टअप रिपेअर, मग शेवटचे अपडेट काढणे, मग सिस्टिम रिस्टोअर हा क्रम ठेवावा. रीसेट हा अखेरचा उपाय. त्यात फाइल राखण्याचा पर्याय निवडला तरी आपण बसवलेले प्रोग्रॅम निघून जातात.

३. एक उदाहरण

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. मात्र त्या संगणकांतील माहिती पुसली गेली नव्हती. सेफ मोडमध्ये जाऊन ती सदोष फाइल काढली, की यंत्र पूर्ववत सुरू होत असे.

४. दुरुस्तीस देताना

पालम किंवा सोनपेठ तालुक्यातील विद्यार्थी लॅपटॉप घेऊन परभणीला जातो, तेव्हा दुकानात 'फॉरमॅट करावा लागेल' असे ऐकायला मिळू शकते. फॉरमॅट केल्यास डिस्कवरील लेखन पुसले जाते. म्हणून 'आधी माझ्या फाइल काढून द्या' असे स्पष्ट सांगावे. डिस्क शाबूत असल्यास पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून फाइल उतरवता येतात. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते.

मराठीच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेले लेखन तो फाँट नसलेल्या यंत्रावर निरर्थक रोमन अक्षरांत दिसते. ते नष्ट झालेले नसते. फाँट पुन्हा बसवला की वाचता येते. युनिकोडमध्ये टंकलेल्या मजकुराला ही अडचण येत नाही. त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा स्वतःच्या ईमेलवर ठेवल्यास यंत्र बिघडले तरी अभ्यास थांबत नाही.

तुमची प्रगती तपासा

१. बायोसमध्ये डिस्कचे नाव दिसणे व न दिसणे यांवरून कोणते वेगवेगळे निष्कर्ष निघतात?
२. रीसेट आणि फॉरमॅट यांपूर्वी कोणती खबरदारी घ्याल?