परदेशी गेले की भाषा येते का?

अकरावी-बारावीला भाषाविषय म्हणून फ्रेंच घेणारे विद्यार्थी आमच्या वारज्यातही भेटतात. काही जण पुढे डेक्कनवरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, शिकायला जातात. गुण चांगले पडतात. पण समोर फ्रेंच माणूस आला की तोंड उघडत नाही. मग सल्ला मिळतो, 'फ्रान्समधल्याच भाषाशाळेत महिना-दोन महिने राहा.' खर्च मोठा, म्हणून पालक शिक्षकांना विचारतात. या सल्ल्यात तथ्य किती, ते आपण पाहू.

पहिली अडचण कानाची. मूल वर्षाचे होईपर्यंत त्याचा कान मातृभाषेतील ध्वनींना सरावतो. तिच्यात नसलेले भेद पुढे ऐकू येणे कठीण जाते. फ्रेंचमधील 'वर' आणि 'खाली' या अर्थांचे दोन शब्द मराठी कानाला सारखेच, 'दसू' असे वाटतात. फरक शेवटच्या स्वरात आहे. ओठ 'ऊ'सारखे गोल ठेवून जिभेने 'ई' म्हणून पाहा. 'वर'च्या शब्दातला स्वर तो हा. मराठीत तो नाही.

शिवाय पुस्तकातले 'झ न से पा' (मला माहीत नाही) बोलताना 'शेपा' होते. आपणही 'काय करतो आहेस' असे लिहितो आणि 'काय करतोयस' असे म्हणतो.

दुसरी अडचण वेळेची. दहा भाषांतील संभाषणांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे एक पंचमांश सेकंदच जातो, असे त्यात आढळले. मनात मराठीतून भाषांतर करायला एवढा अवधी पुरत नाही. शब्द आपोआप यावे लागतात. ही सायकलसारखी सवय आहे. नियम पाठ करून ती लागत नाही.

फ्रान्समधील भाषाशाळा ही सवय लावू पाहतात. विशी या गावी १९६४ पासून 'काविलाम' ही अशी संस्था आहे. अशा शाळांत आधी चाचणी घेऊन पातळीनुसार वर्ग ठरतो. शिकवणे फ्रेंचमधूनच चालते. वर्गात अनेक देशांचे विद्यार्थी असल्याने आपसांतही बहुधा फ्रेंचच बोलावी लागते.

पण तेथे नुसते राहणे पुरेसे आहे का? फ्रीड, सेगालोविट्झ आणि ड्यूई यांनी २००४ साली फ्रेंच शिकणाऱ्या २८ विद्यार्थ्यांच्या तीन गटांची तुलना प्रसिद्ध केली. एक गट मायदेशी नेहमीच्या वर्गात शिकत होता, दुसरा फ्रान्समध्ये. तिसरा मायदेशीच, पण उन्हाळ्यातील काही आठवडे फक्त फ्रेंच बोलण्याच्या निवासी वर्गात होता. बोलण्याच्या ओघात सर्वाधिक प्रगती या तिसऱ्या गटाची झाली. फ्रान्समध्ये गेलेले त्याच्या मागे राहिले. नेहमीच्या वर्गात लक्षणीय फरक दिसला नाही. कारणही सापडले. फ्रान्समधले विद्यार्थी वर्गाबाहेर फ्रेंचपेक्षा इंग्रजीच अधिक वापरत होते.

तेव्हा पालकांना सांगावे, की देशापेक्षा भाषा वापरण्याचे तास महत्त्वाचे. मुलगी फ्रान्सला जाणारच असेल, तर तिने मराठी किंवा इंग्रजी बोलणाऱ्यांच्या खोलीत न राहता फ्रेंच कुटुंबात राहावे. जाणे परवडत नसेल, तरी निराश होण्याचे कारण नाही.

हा हिशेब आपल्या वर्गालाही लागू आहे, मग विषय फ्रेंच असो वा इंग्रजी. चाळीस मुले आणि चाळीस मिनिटांचा तास असेल, तर शिक्षक गप्प बसले तरी प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला एकच मिनिट येते. त्याच मुलांच्या जोड्या करून दहा मिनिटे बोलू दिले, तर प्रत्येकाला पाच मिनिटे मिळतात. गोंगाट होईल, चुकाही होतील. पण बोलण्याची सवय लागायला सुरुवात होईल.