शेजारच्या खोलीतला संगणक बोलत का नाही?

घरात दोन संगणक आहेत असे समजा. एक ताईच्या टेबलावर, दुसरा बाहेरच्या खोलीत. दोन्हींवर इंटरनेट उत्तम चालते. सातासमुद्रापलीकडचे संकेतस्थळ क्षणात उघडते. पण विज्ञान-प्रदर्शनासाठी काढलेली छायाचित्रे ताईच्या संगणकावर आहेत आणि ती तुम्हांला बाहेरच्या खोलीत हवी आहेत, तर पडद्यावर उत्तर येते : संगणक सापडत नाही. हजारो मैलांवरचे दिसते आणि दहा पावलांवरचे दिसत नाही! असे का व्हावे?

कारण सोपे आहे. संकेतस्थळ चालवणारा संगणक येणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायलाच बसवलेला असतो. घरातल्या संगणकाला मात्र नेमकी उलट आज्ञा असते : अनोळखी कोणी आल्यास दार उघडू नकोस. म्हणून फाइल मिळण्यापूर्वी आपल्या संदेशाला एकामागून एक सहा टप्पे ओलांडावे लागतात. रस्ता, पत्ता, नाव, पहारा, भाषा आणि परवानगी. यांपैकी एकही अडला, तरी फाइल मिळत नाही. कुशल वैद्य रोग्याला एकदम दहा औषधे देत नाही, आधी तपासतो. आपणही एकेक टप्पा क्रमाने तपासू. उदाहरणासाठी विंडोज असलेले संगणक घेऊ.

१. रस्ता

प्रथम पाहा, दुसरा संगणक जागा आहे ना? काही वेळ कोणी हात लावला नाही, तर संगणक आपोआप झोपी जातो आणि मग हाकेला ओ देत नाही. त्यानंतर दोन्ही संगणक एकाच राउटरला जोडलेले आहेत का, ते पाहा. अनेक राउटरांत पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय असते. त्यावरील यंत्रांना इंटरनेट मिळते, पण घरातील इतर यंत्रांशी बोलता येत नाही. ही सोय मुद्दाम केलेली आहे. तो बिघाड नव्हे.

२. पत्ता

जाळ्यातील प्रत्येक संगणकाला चार अंकगटांचा आयपी पत्ता असतो. आज्ञा देण्याच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) 'आयपीकॉन्फिग' हा शब्द रोमन अक्षरांत लिहून एंटर दाबा. १९२.१६८.१.५ असा काहीसा पत्ता दिसेल. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. म्हणून तुमच्या घरी आणि तुमच्या मित्राच्या घरी तोच पत्ता असला, तरी घोटाळा होत नाही.

आता दोन्ही संगणकांचे पत्ते वहीत लिहून ताडून पाहा. घरगुती जाळ्यात बहुधा पहिले तीन गट सारखे आणि शेवटचा वेगळा असतो. एकाचा पत्ता १९२.१६८.०.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.१.७ असेल, तर बहुधा एका राउटरमागे दुसरा राउटर लावलेला आहे आणि घरात नकळत दोन जाळी झाली आहेत. पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाही, म्हणून संगणकाने आपला आपणच एक घेतला, असे समजावे. अशा वेळी पुन्हा पहिल्या टप्प्याकडे वळावे.

पत्ते जुळले की हाक मारून पाहायची. 'पिंग' ही आज्ञा आणि पुढे पत्ता लिहिला, की आपला संगणक तिकडे एक छोटा संदेश पाठवतो आणि उत्तर किती वेळात आले ते सांगतो. ही आज्ञा माइक म्यूस या अमेरिकी संशोधकाने १९८३च्या डिसेंबरात लिहिली. पाणबुडी शोधणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याने हे नाव ठेवले. प्रथम दोन्ही संगणकांवरून राउटरला हाक मारा, मग एकमेकांना. दोघेही राउटरपर्यंत पोचतात, पण एकमेकांचे उत्तर येत नाही, असे झाले तर घाईने तार बदलू नका. उत्तर न देण्याची आज्ञा पहारेकऱ्यालाच असू शकते. त्याची गाठ आपण चौथ्या टप्प्यात घेऊ.

३. नाव

आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून आपण संगणकांना नावे देतो. नावावरून पत्ता शोधण्याचे काम संगणक करतो. तेथेही चूक होऊ शकते. कसोटी सोपी आहे. फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन त्यापुढे नावाऐवजी पत्ता लिहा. पत्त्याने फोल्डर उघडले आणि नावाने उघडले नाही, तर दोष फक्त नावाचा. दोन संगणकांना एकच नाव दिलेले नाही ना, हे पाहा. 'नेटवर्क डिस्कव्हरी' ही सोय चालू आहे का, तेही पाहा.

४. पहारा

संगणकाच्या दारावरील पहारेकरी म्हणजे फायरवॉल. संगणकाला पासष्ट हजारांहून अधिक क्रमांकित द्वारे असतात. फाइल वाटणीचे द्वार ४४५ क्रमांकाचे आहे. विंडोज प्रत्येक जाळ्याला 'सार्वजनिक' किंवा 'खासगी' मानते. जाळे सार्वजनिक मानलेले असेल, तर हे द्वार सहसा बंद ठेवले जाते. रेल्वे स्थानकावर तसेच हवे. घरच्या जाळ्याला मात्र 'खासगी' ठरवून फाइल वाटणी चालू करावी. पहारेकऱ्याला एक पाहुणा ओळखू द्यायचा. पहारेकऱ्यालाच काढून टाकायचे नाही.

५. भाषा

फाइल मागण्याची आणि देण्याची एक ठरलेली बोली आहे. तिला एसएमबी म्हणतात. १९८०च्या दशकात आयबीएम कंपनीत बॅरी फायगेनबॉम यांनी ती प्रथम तयार केली. पुढे तिच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. विंडोज एक्सपीला फक्त पहिली आवृत्ती येते. २०१७च्या अखेरीपासून नव्या विंडोजमध्ये ती आवृत्ती सहसा बसवलेलीच नसते. म्हणून आजोबांच्या काळचा संगणक आणि नवा संगणक समोरासमोर बसूनही एकमेकांचे बोलणे समजू शकत नाहीत.

६. परवानगी

'तुम्हांला परवानगी नाही' असा संदेश आला तर निराश होऊ नका. ती चांगली बातमी आहे! त्याचा अर्थ असा, की आधीचे पाचही टप्पे पार पडले. आता फक्त ओळख पटवायची राहिली. येथे ताईच्या संगणकावरील खात्याचे नाव आणि पासवर्ड लागतो. रोज संगणक उघडताना वापरायचा चार आकडी पिन येथे चालत नाही. पासवर्ड कोराच ठेवलेला असेल, तर विंडोज जाळ्यावरून येणाऱ्याला सहसा प्रवेश देत नाही. शिवाय परवानग्या दोन असतात : एक वाटणीची, दुसरी फोल्डरची स्वतःची. दोहोंपैकी जी अधिक कडक, तीच लागू होते.

कुलूप फोडणे हा उपाय नव्हे

'फायरवॉल बंद कर, जुनी बोली चालू कर, पासवर्ड काढून टाक, म्हणजे चालेल' असा सल्ला कोणी देईल. कदाचित चालेलही. पण १२ मे २०१७ रोजी काय झाले, ते ऐका. 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रवी प्रोग्राम याच ४४५ क्रमांकाच्या द्वारातून, जुन्या बोलीच्या हाताळणीतील एका दोषाचा फायदा घेऊन पसरला. कोणी काही उघडण्याचीही गरज नव्हती. तो एका संगणकावरून दुसऱ्यावर आपण होऊन जाई आणि फाइली कुलूपबंद करून खंडणी मागे. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडीत सापडले. ब्रिटनमधील कित्येक रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. दोष दूर करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. अनेकांनी ती बसवलीच नव्हती.

तेव्हा जुन्या संगणकातील छायाचित्रे हवी असतील, तर जुनी बोली चालू करण्यापेक्षा पेनड्राइव्हने आणा. आणि दोष शोधताना एक नियम पाळा : एका वेळी एकच बदल करा, तो वहीत लिहा, पुन्हा कसोटी घ्या, उपयोग झाला नाही, तर बदल पूर्ववत करा. प्रयोगशाळेत एका वेळी एकच घटक बदलतो, तसेच हे आहे. पाच बदल एकदम केले आणि काम झाले, तर कशामुळे झाले हे कळत नाही, आणि कोणते दार उघडे राहिले हेही कळत नाही.

ओळखा पाहू!

(अ) ताईचा संगणक तुमच्या फाइली उघडतो. तुमचा मात्र तिच्या उघडत नाही. दोघेही एकाच राउटरवर आहेत. तार तपासावी का?

(आ) काल पत्त्याने फोल्डर उघडत होते. रात्री वीज जाऊन आली. आज त्या पत्त्याने उघडत नाही, पण नावाने उघडते. काय झाले असावे?

उत्तरे : (अ) नको. फाइल येताना संदेश दोन्ही दिशांनी जातात, म्हणजे रस्ता ठीक आहे. ताईच्या संगणकावरील पहारा आणि परवानगी तपासा. (आ) राउटर पुन्हा सुरू झाल्यावर ताईच्या संगणकाला नवा पत्ता मिळाला असावा.