दगडी पुन्हा पुन्हा का उलटते?

"साहेब, ही गाय आता विकून टाकावी म्हणतो. औषधात काही राम राहिला नाही."

गेल्या पावसाळ्यात ठिबकची पाहणी करायला एका वस्तीवर गेलो होतो, तेव्हा एका शेतकऱ्याने हे गाऱ्हाणे घातले. संकरित गाय, दुसरे वेत. मागच्या उजव्या सडाला दगडी म्हणजे कासदाह तिसऱ्यांदा झालेला. दर वेळी दोन दिवस सुया आणि ट्यूब केल्या की सूज उतरायची, दूध पांढरे दिसायचे. मग औषध बंद. महिना-सव्वा महिन्याने पुन्हा गुठळ्या. ते सड आता जवळजवळ बसलेच होते.

त्याच दिवशी त्यांच्या ठिबकची नळी टोकाला उघडली, तर आतून बोटाला बुळबुळीत लागले. नुसते पाणी सोडून तो थर जात नव्हता. मी म्हटले, "तात्या, या नळीत आणि तुमच्या गाईच्या कासेत एकच भानगड आहे." तात्या हसले. पण गोष्ट खरी आहे. मी पडलो शेतीचा माणूस. जनावरांचे हे गणित मला आमच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांनी समजावले. तेच शेतकरी बंधू-भगिनींसमोर मांडतो.

जंतूंचे चिकट घर

जंतू नेहमी सुटे फिरत नाहीत. जागा मिळाली की चिकटतात, अंगातून चिकट द्रव सोडतात आणि त्याच्या आत वसाहत करून राहतात. या थराला बायोफिल्म म्हणतात. दातांवरचा किटण हा त्याचाच प्रकार. हॉलंडच्या लेव्हेनहूकने १६८३ मध्ये स्वतःच्या दातांवरचा किटण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. व्हिनेगरने किटणाच्या बाहेरचे जंतू मेले, आतले जिवंतच राहिले, हे त्याने तेव्हाच लिहून ठेवले होते.

कासेत तेच घडते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सडावाटे आत शिरतो आणि कासेतल्या नळ्यांच्या अस्तराला चिकटतो. काही जंतू तर पेशींच्या आतही लपतात. औषध वरच्या जंतूंना मारते. खालच्या थरातले जंतू जणू झोपी गेलेले असतात. ते वाढत नाहीत, आणि बरीचशी प्रतिजैविके वाढत्या जंतूवरच जोर धरतात. सुट्या जंतूला पुरणारा डोस थरातल्या जंतूला पुरत नाही. काही प्रयोगांत तो शेकडो पटींनी जास्त लागला आहे. सूज उतरली म्हणून औषध थांबवले की हे झोपलेले जागे होतात. आपण म्हणतो, दगडी उलटली.

नवे काय चालले आहे?

जगभर आता नुसते जोरदार औषध शोधण्यापेक्षा हे घर मोडण्यावर भर आहे. थर विरघळवणारी विकरे म्हणजे एन्झाइम तपासली जात आहेत. अमेरिकेत २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकबदल केलेल्या जर्सी गाईंच्या दुधात लायसोस्टॅफिन हे जंतूचे कवच फोडणारे विकर उतरवून दाखवले. तो प्रयोगच राहिला. गोठ्यापर्यंत आलेला नाही.

दुसरा मार्ग फाजचा. फाज म्हणजे जंतूला खाणारा विषाणू. फेलिक्स द हेरेल या शास्त्रज्ञाने १९१७ मध्ये त्याला बॅक्टेरिओफाज हे नाव दिले, आणि १९२७ च्या सुमारास भारतात येऊन कॉलऱ्यावर त्याचे प्रयोग केले. जॉर्जिया देशात आजही फाजने उपचार होतात. कासेत मात्र अडचण आहे. दुधातली प्रथिने जंतूला वेढतात आणि फाजला चिकटू देत नाहीत. म्हणून कोणी "दगडीचा रामबाण विषाणू" विकायला आला, तर आधी दवाखान्यात विचारा.

आज गोठ्यात काय करायचे?

थर बसल्यावर मोडण्यापेक्षा बसूच न देणे स्वस्त पडते.

१) धार काढल्यावर प्रत्येक सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा. सडाचे तोंड अर्धा ते एक तास उघडे असते. तेवढा वेळ जनावर खाली बसू नये म्हणून पुढ्यात वैरण टाका.

२) आजारी जनावराची धार सर्वांत शेवटी काढा. पहिल्या चिळा काळ्या फडक्यावर घेऊन गुठळी दिसते का पाहा. जमिनीवर सोडू नका.

३) छुपी दगडी ओळखायला अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवा. एकेका सडाचे दूध वेगळे घेऊन तेवढेच द्रावण मिसळा आणि हलवा. मिश्रण चिकट, घट्ट झाले तर संशय घ्या. तपासलेले दूध फेकून द्या.

४) किटली, कॅन आधी कोमट पाण्याने खंगाळा, मग गरम पाणी व धुण्याच्या सोड्याने ब्रशने घासा. मशिनचे रबर चिरले असेल तर बदला. भेगेतच थर बसतो.

५) औषध सुरू करण्याआधी दुधाचा नमुना तपासणीला द्या. कोणते औषध लागू पडते ते कळते. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करा. दुकानातून ट्यूब आणून मनाने भरू नका.

६) गाय आटवताना भाकडकाळाची ट्यूब भरायची का, हे डॉक्टरांना विचारा. जुन्या दगडीवर इलाजाची ती चांगली वेळ असते.

औषध चालू असताना आणि ठरलेले दिवस संपेपर्यंतचे दूध डेअरीला घालू नका, घरीही वापरू नका. अशा दुधाला कधी कधी विरजणसुद्धा नीट लागत नाही. अर्धवट औषधाने तयार झालेला मुजोर जंतू गोठ्यातून माणसांतही येतो. उद्या आपल्याच लेकराच्या जखमेला औषध लागू पडले नाही, तर दोष कोणाला द्यायचा? याच भीतीपोटी सरकारने २०१९ मध्ये कोलिस्टिन हे अखेरचे हत्यार समजले जाणारे औषध जनावरे, कोंबड्या व मत्स्यपालनात बंद केले.

ग्रामपंचायतीसाठी

सरपंच, ग्रामसेवक आणि जलसुरक्षकांनीही हे ध्यानात घ्यावे. टाकीच्या भिंतीला बसलेला बुळबुळीत थर टीसीएल खाऊन टाकतो. टाकी घासून धुवा, मगच पावडर टाका, आणि शेवटच्या नळाला ०.२ पीपीएम क्लोरीन मिळते का ते पाहा.

तात्यांच्या गाईचे काय झाले? नमुना तपासला, औषध पुरे दिवस केले, लवकर आटवून भाकडकाळाची ट्यूब भरली. गाय व्याली. तीन सडे छान दूध देतात. चौथे गेले ते गेलेच. पण शेजारच्या दावणीच्या दोन गाई वाचल्या. "दुसऱ्या वेळी सूज आली तवाच इचारलं असतं तर?" तात्या म्हणाले. तेवढ्यासाठीच हा लेख.