काळ्या जमिनीत वसंतफुलांचे कंद : निवड व लागवड

सुरतजवळील भेस्तान हे पश्चिम रेल्वेवरील उधना व सचिन यांच्या दरम्यानचे स्थानक होय. या परिसरात खानदेशातून येऊन स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. घरापुढील चार हात जागेत किंवा शाळेच्या आवारात वसंत ऋतूत फुले असावीत, अशी पुष्कळांची इच्छा असते. परंतु विकत आणलेले कंद बहुधा जमिनीतच कुजतात. दोष कंदांचा असतोच असे नाही. पुष्कळदा निवड चुकलेली असते किंवा जागा.

निवड : ट्यूलिपच्या कंदास फुलण्यापूर्वी कित्येक आठवडे कडक थंडी लागते. श्रीनगर येथील उद्यानात तो बहरतो, कारण तेथील हिवाळाच तसा आहे. सुरतेत जानेवारीतही रात्रीचे तापमान साधारणतः १५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. म्हणून ट्यूलिपवर पैसे खर्च करू नयेत. येथे ग्लॅडिओलस व निशिगंध हीच भरवशाची फुले होत.

ग्लॅडिओलसचा कंद सुमारे ४ ते ५ सेंटिमीटर व्यासाचा, वजनदार व टणक असावा. रुंद पण चपटा कंद बहुधा जुना असतो. त्यापेक्षा मध्ये फुगीर असलेला कंद घ्यावा. नुकताच काढलेला कंद सुप्तावस्थेत असतो. त्याला सुमारे तीन महिन्यांची विश्रांती मिळालेली आहे, याची खात्री करावी.

जागा व लागवड : काळी जमीन पाणी धरून ठेवते. थोडीशी वाळू मिसळल्याने तिचा निचरा सुधारत नाही. त्यासाठी सुमारे २० सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करून त्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. जागेवर दिवसभर ऊन यावे. छपराचे वा न्हाणीचे पाणी तेथे येऊ नये.

ग्लॅडिओलस नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत लावावा. कोंब वर करून कंद ५ ते ७ सेंटिमीटर खोल ठेवावा. साधारणतः अडीच ते तीन महिन्यांत, म्हणजे फाल्गुनाच्या सुमारास, फुले येतात. निशिगंध मार्च-एप्रिलमध्ये लावावा. तो पावसाळ्यात फुलू लागतो आणि एकदा लावलेले ठोंब दोन-तीन वर्षे फुले देतात.

उघड्या मुळांचे गुलाब : मातीविना आलेल्या कलमांची मुळे क्षणभरही वाळू देऊ नयेत. मोडकी मुळे छाटून कलम काही तास पाण्यात ठेवावे व सायंकाळी लावावे. डोळा भरलेला भाग जमिनीच्या वर राहील, असे पाहावे. त्याखालून फुटणारे धुमारे खुंटाचे असतात. ते वेळीच काढून टाकावेत.

कंदांची जपणूक : फुलांचा दांडा कापताना झाडावर चार-पाच पाने राखावीत, कारण पुढील वर्षाचा कंद त्यांच्यावरच पोसला जातो. पाने पिवळी पडू लागताच पाणी तोडावे. पावसाळ्यापूर्वी कंद काढून सावलीत सुकवावेत व हवेशीर जागी ठेवावेत. एवढे केले, तर दरवर्षी नवे कंद विकत घ्यावे लागत नाहीत.

शिक्षकांनी शाळेत एक सपाट व एक गादीवाफा करून दोहोंत सारखेच कंद लावावेत. निचऱ्याचा धडा मुलांना त्यातून आपोआप मिळेल.